मामाची तेजी

मामाची झोप गेली तेव्हा पाऊस लांबला होता आणि लासलगावात उन्हाळ कांद्याचे लिलाव चालू होते. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ, तिथला मध्यम कुवतीचा व्यापारी. बोलायला कमी, बोली लावायला सावध. नव्वदचं दशक सरत आलं होतं. मी नाशिकला कॉलेजात होते आणि माझे वडील दुसऱ्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत होते. एके दुपारी मामीचा फोन आला. "भाऊजींना घेऊन ये. ह्यांचं काहीतरी वेगळंच चाललंय."

आम्ही पोचलो तेव्हा मामा लिलावातच होता. ट्रॅक्टरच्या रांगेतून व्यापाऱ्यांचा घोळका सरकत होता आणि मामा सगळ्यांच्या पुढे. दुसऱ्या कुणी भाव चढवला नाही तर तो स्वतःच्याच बोलीवर बोली लावत होता. लोक आधी हसले, मग हसायचे थांबले. ओला, बारीक, कोंब फुटलेला, कसलाही माल तो घेत होता. माल साठवायचं त्याचं खळं कधीच भरलं होतं, शेजारची खळीही त्यानं भाड्यानं घेतली होती. घरी नवं फॅक्स मशीन आलं होतं. रशियाला कांदा पाठवायचा होता, फक्त रशियातला नंबर कुणाकडे नव्हता.

"दाजी, मला काय झालंय? लय भारी वाटतंय," तो वडिलांना म्हणाला. "उलट इतकी वर्षं मी झोपेतच होतो."

रक्तदाब तपासायचा म्हणून त्याला नाशिकला आणला आणि मनोविकारतज्ज्ञाकडे नेला. दवाखाना पंचवटीत, पहिल्या मजल्यावर. बाहेर बसलेली माणसं एकमेकांकडे बघत नव्हती. डॉक्टर पन्नाशीचे, हळू बोलणारे. त्यांनी मामाला बराच वेळ बोलू दिलं, मग मामीला, आणि शेवटी आजाराचं नाव सांगितलं. यात माणूस कधी असा चढतो आणि कधी तितकाच खाली जातो, असं ते म्हणाले.

"पण हे कळलं कशावरून?" वडिलांनी विचारलं. "रक्त तपासलं नाही, फोटो काढला नाही."

"अशी तपासणी अजून निघालेली नाही," डॉक्टर म्हणाले. "ऐकून आणि बघून ठरवतो."

परतताना वडील रिक्षात म्हणाले, "याला शास्त्र म्हणत नाहीत. उद्या मलाही गोळ्या देतील."

मामानं त्या गोळ्या मामीसमोर तोंडात टाकल्या आणि मोरीत थुंकल्या. आणि त्याच सुमारास कांदा कडाडला. मामानं ज्या भावानं घेतला म्हणून लोक हसले होते, तो भाव आता स्वस्त वाटायला लागला. ज्यांनी त्याला खुळ्यात काढलं होतं तेच त्याच्या ओट्यावर चहाला यायला लागले, पुढं काय होईल म्हणून विचारायला लागले. वडिलांना तर मुद्दाच सापडला. "डॉक्टरनं एका चांगल्या धंदेवाल्याला रोगी ठरवलं होतं," ते आमच्या घरी सगळ्यांना सांगत. एकदा मामीही आलेली होती. ती एवढंच म्हणाली, "नफा झाला म्हणून त्यांना झोप लागली का?"

दिवाळी झाली आणि मामा बसला. बसला म्हणजे मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसला. हातात पैसा होता, बाजार अजून बरा होता, पण तो म्हणायचा, "सगळं गेलं." काय गेलं हे विचारलं की रडायचा. जेवण तुटलं. एका सकाळी खळ्यामागच्या विहिरीच्या काठावर हमालांना तो पाय आत सोडून बसलेला दिसला. त्यांनी त्याला धरून घरी आणला. तो त्यांच्यावर चिडलाही नाही.

या वेळी वडील स्वतःच गाडी ठरवून आले. डॉक्टरांनी मामाला दाखल करून घेतलं आणि पुढं लिथियम सुरू केलं. लिथियम म्हटल्यावर वडिलांचे कान टवकारले. हा तर ते वर्गात शिकवत असलेला धातू. त्याचा क्षार माणसाला देतात आणि रक्तातलं प्रमाण सारखं तपासावं लागतं, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

"म्हणजे रक्ताची तपासणी आहे तर," ते म्हणाले. मग लगेच, "पण यात औषध दिसतं. आजार कुठं दिसतो?"

"नाही दिसत," डॉक्टर म्हणाले. "बरोबर आहे तुमचं. ते कसं काम करतं हेही आम्हाला नीट माहीत नाही. करतं एवढं माहीत आहे."

वडिलांना हे उत्तर आवडलं नाही, पण डॉक्टर आवडले. उन्हाळ्यापर्यंत मामा परत लिलावाला जायला लागला. घोळक्याच्या मधोमध चालायचा.

पुढं मला नाशिकमध्येच बँकेत नोकरी लागली आणि मामाला तपासणीला नेणं माझ्याकडे आलं. त्या वर्षांत दवाखाना बदलत गेला. भिंतीवरचं घड्याळ, टेबलावरचं पेन, कॅलेंडर, सगळ्यांवर गोळ्यांची नावं. औषध कंपन्यांचे बॅगवाले तरुण आमच्या आधी आत जायचे आणि हसत बाहेर यायचे. एकदा डॉक्टर परदेशात परिषदेला गेले होते म्हणून आमची तारीख पुढं गेली. ते परतल्यावर मामाच्या चिठ्ठीत एक नवी गोळी वाढली. त्या गोळीनं मामा फुगला, दुपारी खळ्यावर बसल्या बसल्या पेंगायला लागला, बोलताना तोंडातून लाळ गळायची. शेवटी मी विचारलं, "डॉक्टर, ही गोळी मामाला हवी म्हणून आहे, की कंपनीला हवी म्हणून?"

ते रागावले नाहीत. चष्मा काढून मामाकडे बघत राहिले. "कंपनीवाल्यांनी फायदे सांगितले, ते खोटे नव्हते," ते म्हणाले. "तोटे इतक्या ठळकपणे कुणी सांगितले नाहीत. मीही विचारले नाहीत." त्यांनी ती गोळी हळूहळू कमी करून बंद केली. लिथियम राहू दिलं. "याच्यासाठी कुणी बॅग घेऊन येत नाही," ते म्हणाले. "यात कुणाला चार पैसे सुटत नाहीत."

एकदा मामानं आपल्या मनानं सगळ्याच गोळ्या सोडल्या. महिन्याभरात तो पुन्हा लिलावात ओरडायला लागला, आणि या खेपेला कांदा पडला. नुकसान भरून निघायला वेळ लागला. मी वडिलांना म्हटलं, आता तरी पटलं? ते म्हणाले, "एका माणसावरून काही सिद्ध होत नाही. पण त्याला गोळी घ्यायला सांग."

मामाला मात्र ती तेजी आठवायची. "तेव्हा मला भाव अंगात कळायचा," तो एकदा कांदा हातात दाबत मला म्हणाला. "आता चार लोकांसारखा कळतो."

काही वर्षांनी तपासणीत त्याच्या मूत्रपिंडावर परिणाम दिसायला लागला. हा लिथियमचाच, असं डॉक्टरांनी स्वतःहून सांगितलं. औषध बदलता येईल, पण दुसऱ्यानं इतका आराम पडेलच असं नाही, किंवा प्रमाण उतरवून सांभाळत राहायचं. मामी माझ्याकडे बघायला लागली, मी डॉक्टरांकडे. मामानं टेबलावरचा पेपरवेट उचलला, त्याच्यावरचं गोळीचं नाव वाचलं आणि खाली ठेवला. मग त्यानं शर्टाचं वरचं बटण लावलं.

"प्रमाण उतरवा," तो म्हणाला. "दुसरं नको. ह्याची सवय झाली आहे मला. आणि लवकर लिहून द्या, दुपारचा लिलाव गाठायचाय."

डॉक्टरांनी लिहून दिलं. आम्ही खाली उतरलो. बाजाराच्या गर्दीत रिक्षा मिळेना, म्हणून पुलापर्यंत चालत गेलो. मामा पुढं, आम्ही दोघी मागं.