कानावरची विडी

माझ्या बापाला लोकांच्या मायेनं मारलं, असं मी म्हटलं की आमच्या आळीतली माणसं आजही तोंड वाकडं करतात. करू देत. त्या मायेला विडीचा वास होता आणि तो अजून माझ्या नाकातून गेलेला नाही.

तारापूरच्या बाजूला वीजघराचं काम सुरू झालं होतं आणि बोईसर स्टेशनावर हिंदी बोलणारी माणसं उतरायला लागली होती, त्या दिवसांतली ही गोष्ट. आमचं गाव चिंचणीच्या अलीकडे, अगदी किनाऱ्यावर. बाबा तांडेल होता, म्हणजे होडीचा म्होरक्या. होडी केव्हा सुटणार आणि केव्हा परतणार ते त्याच्या शब्दावर. थोरला भाऊ त्याच्या हाताखाली खलाशी. मी आणि आई बोंबील वाळत घालायचो, पाट्या डोक्यावर घेऊन बाजाराला जायचो. मी लग्नाची झाले होते, पण तोंडाची फटकळ, त्यामुळे स्थळं येत आणि चहा पिऊन परत जात.

आमच्याकडे भांडण मिटवायची एक रीत होती. कुणाचं जाळं फाटलं, कुणाची होडी दुसऱ्याच्या जागेत लागली, की बोलणं बंद व्हायचं. मग केव्हातरी एकजण येऊन दुसऱ्यापुढे विडी धरायचा. समोरच्यानं ती घेऊन पेटवली की भांडण संपलं. नाही घेतली तर ते उभंच राहिलं. होडी सुटण्याआधीसुद्धा तांडेल विडी पेटवायचा, एक झुरका मारायचा आणि ती सगळ्या खलाशांच्या हातून फिरायची. जो ओढत नाही त्याच्या मनात काहीतरी काळंबेरं आहे, अशी समजूत. लहानपणी मला हे फार छान वाटायचं.

बाबाला परसाकडेला रक्त पडायला लागलं तेव्हा तो कुणाला बोलला नाही. आईनं धुण्यात डाग पाहिले आणि विचारलं, तर म्हणाला, "मूळव्याध हाय. सुकं खातो ना, म्हणून." झालं! सगळ्या आळीनं मान डोलावली. कुणी ताक सांगितलं, कुणी सुरण सांगितला. बाबाचा स्वतःचा उपाय वेगळाच होता. पहाटे दोन विड्या ओढल्याशिवाय पोट साफ होत नाही म्हणायचा. पोट साफ होईना तशा दोनाच्या चार झाल्या, आणि हे औषधच चाललंय अशा थाटात तो ओढत राहिला. माणूस वाळत चालला तरी आम्ही सुरणच शिजवत होतो. आठवलं की आजही तळपायाची आग मस्तकात जाते.

एक दिवस त्याचं पोट फुगलं, उलट्या थांबेनात. पालघरच्या डॉक्टरनं पोटाला हात लावला आणि सरळ मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं. तिथे मोठ्या आतड्यातली गाठ काढली. मागची वाट कायमची बंद करून पोटाच्या डाव्या अंगाला नवीन वाट काढून दिली. तिच्यावर रबरी पिशवी बांधायची. वादळात होडी हाकणारा माझा बाप त्या पिशवीकडे बघायचा नाही. आई ती बदलायची तेव्हा भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा.

मोठ्या डॉक्टरनं मला आणि भावाला बाजूला घेतलं. कॅन्सर हा शब्द आम्ही पहिल्यांदा ऐकला तो तिथे. तो म्हणाला, "मला करता येण्यासारखं मी केलंय. जगण्याची आशा चांगली आहे. पण विडी बंद म्हणजे बंद. ह्या दुखण्यातून उठलेली आणि पुन्हा विडीला लागलेली माणसं मी बघतो. ती टिकत नाहीत." भावानं मान खाली घातली. मी विचारलं, "एकसुद्धा नको?" डॉक्टर म्हणाला, "एकसुद्धा नको."

शेजारच्या खाटेवर शिरगावचा एक बागायतदार होता. दुखणं तेच, ऑपरेशन तेच, पिशवी तीच. बाबापेक्षा वयानं मोठा आणि जास्त ओढणारा. डॉक्टरचं ऐकून त्यानं बायकोला सांगितलं, "घरात काडेपेटी फक्त चुलीजवळ ठेवायची." बाबा त्याला हसला होता.

आम्ही घरी आलो आणि जत्रा सुरू झाली. तांडेलाला बघायला सगळी आळी लोटली. कुणी फळ आणलं नाही, कुणी दूध आणलं नाही. प्रत्येकाच्या हातात विडीचं बंडल! मी उंबऱ्यातच सांगायचे, "काका, डाक्टरनं विडी बंद केलीय." काका म्हणायचे, "अगं, माहीत हाय. पण रिकाम्या हातानं कसा येऊ?" आणि बंडल बाबाच्या उशाशी. मी ती गोळा करून चुलीत घालायचे. आई मला रागवायची, "माणसं मायेनं देतात गं. येवढी काय जळतेस?"

बाबानं सुरुवातीला निभावून नेलं, हे खोटं नाही. कुणी विडी पुढे केली की घ्यायचा आणि कानावर ठेवायचा. घेतली म्हणजे मान राखला, ओढली नाही म्हणजे डॉक्टरचंही राखलं. मला वाटलं, बरं आहे, शहाणा आहे माझा बाप. पण कानावरची विडी हाताला किती लांब असते? हळूहळू कान रिकामा दिसायला लागला आणि मागच्या दारी धूर. मी ओरडले की म्हणायचा, "अर्धीच ओढली." मी म्हटलं, "पोट साफ व्हायला ओढत होतास ना? आता तर पोटाचं दारच दुसरीकडे काढलंय! आता कशाला हवी?" तो हसला आणि हसता हसता खोकला.

भावाचा एक दोस्त वीजघराच्या कामावर होता. तो सिगारेटचं पाकीट घेऊन आला नि वर म्हणतो कसा, "डाक्टर विडी नको बोललाय ना? ही विडी नाय." त्या मेल्याला मी झाडूनं आळीच्या टोकापर्यंत हाकललं. सगळे पोट धरून हसत होते. बाबाही हसत होता. कुणाचं मरण चाललंय आणि कोण हसतंय, याचा पत्ता कुणालाच नव्हता.

शिरगावचा बागायतदार मध्येच एकदा एसटीनं आला, नारळ आणि पानं घेऊन. अंगानं भरलेला, चेहऱ्यावर तेज. म्हणाला, "तांडेल, माझ्या गावात मला गर्विष्ठ म्हणतात. पारावर बसायला बोलवत नाहीत. नका बोलवू म्हटलं." बाबा म्हणाला, "तुमची झाडं रुसत नाहीत, तुमचं बरं हाय. मला माणसं घेऊन समुद्रात जायचंय." मी तिथेच होते. त्याचंही काही खोटं नव्हतं, म्हणून मला जास्तच राग आला.

बाबा सुकाणूवर बसण्याइतका सावरला तेव्हा मोसम सुरू होत होता. होड्या सुटायच्या दिवशी सगळी आळी वाळूवर जमलेली. आमच्या शेजारच्या होडीचा तांडेल आणि बाबा लहानपणचे जिगरी, पण डोल, म्हणजे समुद्रात खुंटांना बांधायची जाळी, लावायच्या जागेवरून बिनसलं ते बिनसलंच. कैक वर्षं एकमेकांकडे बघत नव्हते. तो त्या दिवशी सगळ्यांदेखत चालत आला, डोळ्यांत पाणी, आणि बाबापुढे विडी धरली. म्हणाला, "बास झालं आता. तू मरता मरता वाचलास. पेटव."

मी पुढे झाले आणि ती विडी त्याच्या हातातून ओढून चुरगाळली. "मेल्यांनो, वाचलाय तो, तर वाचू द्या ना! मिठी मारा, नारळ द्या, शिव्या द्या! विडीच कशाला?"

बाबानं माझ्या कानाखाली मारली. आयुष्यात पहिल्यांदा. मग त्यानं स्वतः त्या माणसाच्या खिशातून विडी काढली, पेटवली आणि माझ्याकडे बघत खोलवर ओढली. लोकांनी आनंदानं आरोळी दिली. मी गालाला हात लावून उभी होते. मला मारल्याचं दुःख नव्हतं. त्यानं निवड केली होती आणि आम्ही तिच्यात नव्हतो.

त्यानंतर त्यानं लपवणं सोडलं. पुढच्या मोसमात त्याचं वजन उतरलं, डोळे पिवळे झाले. मुंबईच्या डॉक्टरनं लिव्हरमध्ये पसरलंय म्हणून सांगितलं आणि मला विचारलं, "विडी?" मी मान डोलावली. विडी सोडली असती तर तो नक्की जगला असता, असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. ते डॉक्टरलाही सांगता आलं नाही. पण दुखणं आधीच अंगात घुसलं होतं, आणि ही माणसं त्या दुखण्याला मदत करायला रांग लावून उभी होती.

बाबा गेला. दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. कुणीतरी म्हणालं, "तांडेलाची विडी ठेवा." ठेवली, तीही पेटवून. कावळा आला तसे सगळे म्हणाले, "बघा, जीव विडीत अडकला होता." मला तिथे किंचाळायचं होतं. बाजूला शिरगावचा बागायतदार उभा होता, धडधाकट, पिशवीवर सदरा नीट ओढून. त्याच्याकडे कुणी बघितलंही नाही.

तेराव्याला जेवणं उरकल्यावर शेजारचा तांडेल ओसरीवर आला. आता होडी भावाकडे आली होती. त्यानं भावापुढे विडी धरली आणि म्हणाला, "तुझ्या बापाचं नि माझं मिटलं होतं. तुझं नि माझं पण गोड राहू दे. घे, तांडेल." भावाला त्या नावानं पहिल्यांदा कुणी हाक मारली होती. त्याचा हात पुढे गेला. मी उठणार, तोच आई मधे आली.

माझी आई, जी मला म्हणायची मायेनं देतात गं. जी बाबाला विडी पेटवायला चुलीतला निखारा चिमट्यात धरून आणून द्यायची. तिनं त्या माणसाचं मनगट धरलं आणि विडीसकट मागे सारलं.

"नको," ती म्हणाली. "आमचं तुमचं भांडण राहू दे."

"वयनी, काय बोलता तुमी?"

"भांडण राहू दे. माझा पोरगा पण राहू दे."

तो माणूस विडी हातात धरून निघून गेला. त्या घराचं आणि आमचं बोलणं आजही नाही. लग्नाला बोलावणं नाही, मयताला खांदा नाही. कुणी मिटवायला आलं तर भाऊ पिकल्या मिश्यांतून हसतो आणि म्हणतो, "आईनं ठेवायला सांगितलंय."