झाकलेला व्रण

तितिक्षा हा गुण शास्त्रांनी थोर मानला आहे. दुःख आले तरी चित्ताचा तोल ढळू न देणे, हे तिचे लक्षण. मात्र ती कुठे आवरावी, हे सांगणारे कुणी अंबिकाबाईंना भेटले नाही.

दिवेआगरात त्यांची नारळी-पोफळीची वाडी. स्तनाच्या कर्करोगातून त्या सुटल्या, त्यालाही बरीच वर्षे लोटली होती. मग तेव्हाच्या किरणोपचाराच्या जागी छातीवर एक व्रण उमटला, तो मिटेचना. घरी रोज सोवळ्यात नैवेद्य रांधण्याचा मान त्यांचा. आणि वाहती जखम अंगावर असता सोवळे होत नाही. म्हणून त्यांनी जखमच झाकली. हळद दाबून, घट्ट पट्टी बांधून, वर सोवळ्याचे लुगडे नेसून त्या चुलीपुढे बसत राहिल्या.

पती महादेवराव एकदा म्हणाले, "अगं, डावा हात आखडलेला दिसतो तुझा?"

"आज दिसला होय तुम्हाला? वाडीत नारळ पडला की मात्र लगेच दिसतो!"

ते हसले, आणि विषय तिथेच राहिला. ते हसणे आता त्यांना आठवणीतही सोसत नाही.

दुर्गंधी लपेना, तेव्हा कन्या आश्लेषाने दोघांना मुंबईच्या रुग्णालयात नेले. शल्यचिकित्सक डॉ. पूनम म्हणाल्या, "नुसती कातडी लावून भागणार नाही, काका. किरणांनी इथल्या रक्तवाहिन्या आटल्या आहेत. पाठीचा स्नायू त्याच्या रक्तवाहिनीसकट वळवून छातीवर आणावा लागेल."

"म्हणजे रोप मातीच्या गड्ड्यासकट हलवतो, तसं?"

"अगदी तसंच. पण बरगडी सडली आहे. आधी का नाही आलात?"

अंबिकाबाई पुटपुटल्या, "देव उपाशी राहिला असता हो."

"मी रांधलं असतं की गं! देवाने काय मला हाकललं असतं?" महादेवराव म्हणाले.

शस्त्रक्रिया झाली. स्नायू नव्या जागी रुजला. त्यावरच्या कातडीवर डॉक्टरांनी बोट दाबून उचलले, की तिथे पुन्हा रक्ताचा रंग भरे. महादेवराव ते पाहत उभे राहत. परंतु जंतुदोष आधीच रक्तात उतरला होता. अंबिकाबाई गेल्या, तेव्हा तो व्रण भरत आला होता.

त्यांच्यामागे महादेवराव आणि आश्लेषा आहेत. गावात कुणी किरणोपचार घेऊन परतले, की महादेवराव त्यांच्या घरी जातात आणि कसलाही संकोच न करता, जखम आहे का, असे विचारतात.