डरकाळी मामांची मुकी गाडी

मामा उतरण्याआधी गाडीला डरकाळी फोडायला लावायचे, म्हणून अख्खी राजुरी त्यांना डरकाळी मामा म्हणायची. घर मळ्यात, तिन्ही बाजूंनी ऊस, आणि उसात बिबट्या. दिवेलागणीला फाटकापाशी आले की मामा गाडी न्यूट्रलला टाकून पेट्रोलचं ते दांडगं इंजिन दणकून घुमवत. "त्याला वर्दी दिली पायजे, राव. आपुन न सांगता गेलो तर त्यो बी दचकतो." तो आवाज ऐकल्याशिवाय मामी दाराची कडी काढायची नाही.

मग त्यांनी त्याच गाडीचा विजेवर चालणारा नवा अवतार घेतला. रूप तेच, रुबाब तोच. फरक विचारला की मामा खुलायचे. "जुनी आधी वरडायची, मंग पळायची. ही वरडतच न्हाई, थेट झेप घेती!" मी हसलो खरा, पण अंगावर काटा आला.

नवी गाडी ओवाळायला मामी ताट घेऊन फाटकात उभी होती. मी मामांच्या शेजारी बसलो होतो. तेवढ्यात उसात सळसळलं. मामीच्या इतकं जवळ! मामांनी घाबरून, जुन्या सवयीनं, पाय दाबला. न्यूट्रल करायचं राहिलंच होतं. गाडीनं हूं की चूं न करता झेप घेतली. ब्रेक लागला तेव्हा मामीचा पदर बंपरला टेकला होता आणि निरांजन चाकाखाली होतं. उसातून आमचंच कुत्रं शेपूट हलवत बाहेर आलं. मामांचे हात स्टिअरिंगवरून सुटेनात.

"जुनी गप झाली की निजली म्हणायचं," ते नंतर म्हणाले. "ही गप असली तरी जागीच." त्या दिवसापासून ते गाडी लांब वळणावरच बंद करून उतरत आणि चालत येताना स्वतःच ओरडत, "आलो गंऽऽ!" मी चिडायचो. अहो, दोन्हीकडे ऊस! तर म्हणत, "बिबट्याचं भ्या परवडलं, भाच्या. माज्या पायाचं न्हाई."

गेल्या हिवाळ्यात मामा झोपेतच गेले. गाडी आता मी चालवतो. परवा संध्याकाळी वळणावर उतरलो. दारापर्यंत ओरडत गेलो, "मामी, आलो गंऽऽ!" कडी निघेना. पुन्हा ओरडलो, कडी वाजवली.

आतून मामीचा आवाज आला, "तू आलास रं. पर त्येंनी अजून हाक न्हाई दिली."

माझ्या पाठीमागं ऊस सळसळत होता. मी दाराला हात लावून तसाच उभा राहिलो.