एका विहिरीवर तीन मोटरी

आमची विहीर रोहण्याच्या शिवारात आहे. माझ्या आजेसासऱ्यांनी ती खोदली. मी लग्न होऊन आले तेव्हा तिच्यावर मोट चालायची. बैल थकायचे, विहीर थकायची नाही. पाणी पुरेल का, असं त्या काळी कोणी विचारलं असतं तर घरच्यांनी त्याला वेड्यात काढलं असतं.

पुढे माझे यजमान आणि दीर वेगळे झाले. शेत वाटलं, भांडी वाटली. विहीर कशी वाटणार? म्हणून पाण्याची पाळी ठरली, एक दिवस आमचा आणि एक दिराचा. आता ते दोघेही भाऊ हयात नाहीत. दिराची मुलं, म्हणजे माझे दोन पुतणे, तेही वेगळे झाले आणि विहिरीवर तीन घरं झाली. खरं तर अर्धी विहीर माझी. पण त्यांच्याकडे लेकरं, जनावरं, म्हातारी आई. माझ्या घरात मी एकटी. मी फार ताणलं नाही. माझी पाळी तिसऱ्या दिवसावर गेली.

तेवढ्या पाण्यावर मी वांगी, पालक, मेथी आणि सांभार काढते. सांभार म्हणजे शहरातल्या लोकांची कोथिंबीर. बाजाराच्या दिवशी भाजी विकून येते. मला दुसरं काही करायचं नाही आणि येतही नाही.

माझा मुलगा वर्ध्याला नोकरीत आहे, घर तिथल्याच सिंदी मेघे भागात. या उन्हाळ्यात त्याची मुलगी सुट्टीत माझ्याकडे आली. तिला शाळेत पाण्याचा धडा होता. देशातलं पाणी तेवढंच राहतं, माणसं वाढतात, म्हणून एकेकाच्या वाट्याचं पाणी दरवर्षी कमी होत जातं, असं ती सांगत होती. जे देश फार गरीब नाहीत आणि श्रीमंतही नाहीत, त्यांच्यात तर बहुतेक ठिकाणी असंच चाललंय म्हणे. मी म्हटलं, यासाठी पुस्तक कशाला, आमची विहीर बघ. आमची तिन्ही घरंही तशीच, ना गरीब ना श्रीमंत. गरीब होतो तेव्हा नदीवर अंघोळ करायचो. आता दारात गाडी आहे, ती धुवावी लागते. खिडकीत कूलर आहे, आणि उन्हाळ्यात कूलर माणसापेक्षा जास्त पाणी पितो. भागाकार करताना पोरीनं कूलरही मोजायला हवे होते.

त्याच उन्हाळ्यात आमच्याकडे अडचण झाली. शेतातली लाईन, म्हणजे वीज, कधी येईल याचा नेम नसतो. म्हणून तिघांनीही मोटरीला ऑटो बसवला होता. लाईन आली की मोटर आपोआप सुरू होते, शेतात धावावं लागत नाही. सोय चांगली. पण ऑटोला पाळी कळत नाही. पाळी नसेल त्या दिवशी तो बंद करायचा असतो, आणि एकदा बसवल्यावर कोणी बंद करेना. पाळी माझी असताना लाईन आली आणि तिन्ही मोटरी एकदम लागल्या. विहिरीचा तळ दिसला. थोरल्या पुतण्याची मोटर कोरडी फिरून जळाली, आणि माझ्या वाफ्यात चिखलसुद्धा झाला नाही.

मुलाच्या कानावर गेलं. त्यानं फोनवर सांगितलं की वाफे सुकले की तो गाडी घेऊन येणार आणि मला कायमचं घेऊन जाणार. आता कशासाठी राबतेस, असं त्याचं म्हणणं.

मला जायचं नव्हतं. सून वाईट नाही. पण तिथे नळ एक दिवसाआड येतो, आणि तो आला की सगळी गल्ली पाइप आणि ड्रम घेऊन पळते. मागे राहायला गेले तेव्हा मी हात धुवायला लागले की सून नळाकडे बघायची. नातीनं तर हिशेबच मांडला.

"आजी, तू आमच्याकडे आलीस तर आमच्या प्रत्येकाच्या वाट्याचं पाणी कमी होईल."

पोरगी माझ्यावर गेली आहे.

मी पुतण्यांना विहिरीवर बोलावलं. थोरला म्हणाला, धाकट्यानं ऑटो काढला तर मी काढतो. धाकट्याचंही तेच. त्यांची आई, माझी जाऊ, बांधावर बसून ऐकत होती. वाटणीत पाणी भरायचा मोठा तांब्याचा गुंड तिच्याकडे गेला, तेव्हापासून आमचं फारसं पटत नाही. मी सांगितलं की ऑटो राहू द्या, तिन्ही मोटरींच्या पेट्यांना कुलपं लावा. पाळी असेल त्याचीच पेटी उघडायची. दोन्ही पुतण्यांच्या चाव्या माझ्याजवळ राहतील.

थोरला तापला. "मोठीमाय, आमी तुह्या चावीवर चालाचं का?"

"माही चावी तुह्या मायजवळ राहीन. तुही माय मले एक थेंब जास्तीचा देणार नाई, अन् मी तुमाले देणार नाई."

जाऊ बांधावरून म्हणाली, "हे बराबर बोलल्या बाई तुमी. पयल्यांदाच."

कुलपं लागली. तेव्हापासून पाळी असली की मी सकाळी तिच्या दारात जाते. ती आधी चहा देते, मग दिवस बोटांवर मोजते, मग चावी देते. तिचा माझ्यावर विश्वास नाही, माझा तिच्यावर नाही. त्यामुळे कधी चूक झाली नाही. झऱ्यानं विहीरही मधल्या वेळात भरून यायला लागली.

तरी पाणी सगळ्याला पुरणार नव्हतं. मी पालक, मेथी, सांभार सोडून दिले आणि सगळं पाणी वांग्यांना दिलं.

मुलगा ठरल्याप्रमाणे गाडी घेऊन आला. माझ्या कपड्यांच्या पेटीसाठी मागची सीट रिकामी ठेवली होती. आल्या आल्या वाफ्यांत फिरला.

"माय, अर्धं त सुकलं."

"सुकलं नाई. मी सोडलं. उरलेलं पाह्य."

वांगी झाडाला लगडली होती. त्यानं एक तोडून हातात तोलून पाहिलं. मी पिशवी भरली आणि त्याच्या हातात दिली.

"हे ने. मले राहू दे."

त्यानं पिशवी मागच्या सीटवर ठेवली, शेजारी नात बसली. गाडी वळणाआड गेली तशी मी जावेकडे निघाले. त्या दिवशी पाळी माझी होती, आणि लाईन यायच्या आत चावी आणायची होती.