हळद लागलेली गिटार

रंगाला तडा गेला की माझ्या ऑफिसात सुतकी चेहरे दिसतात आणि माझ्या घरात आनंदीआनंद होतो. जर्मनीत, स्टुटगार्टजवळच्या गेर्लिंगेनमधल्या एका कंपनीत मी रंगांच्या थरांची तपासणी करते. रंगवलेले पत्रे आम्ही एका मोठ्या पेटीत ठेवतो, त्यांच्यावर खोटं ऊन पाडतो, पाणी मारतो, त्यांना गोठवतो. पत्र्यावर केसाएवढी रेघ उमटली तरी मीटिंग लागते. संध्याकाळी घरी यावं, तर नवरा बैठकीच्या खोलीत उकिडवा बसून भिंगातून तसलीच रेघ न्याहाळत असतो.

"बघ ना, काय सुंदर क्रॅक गेलाय! एकदम ओरिजिनल!"

ही रेघ एका जुन्या पेडल स्टील गिटारवरची. ही गिटार गळ्यात अडकवायची नसते. चार पायांवर उभं केलेलं एक अरुंद टेबल समजा. वर दहा तारा, डाव्या हातात स्टीलचा रॉड, उजव्या हाताच्या बोटांत नख्या, खाली पायाने दाबायची पेडल्स. पेडल दाबलं की वाजत असलेला सूर मधूनच वर चढतो. आमची सत्तरच्या दशकात अमेरिकेतल्या कारखान्यातून निघाली, कुणा अमेरिकन सैनिकाबरोबर जर्मनीत आली आणि तो परत गेल्यावर एका तळघरात पडून राहिली. नवऱ्याने ती तिथून उचलून आणली. मेपलचं लाकूड आणि त्यावर मधाच्या रंगाचं लॅकर, कारखान्यात फवारलं होतं तेच. नंतर कुणी पॉलिश केलेलं नाही, कुणी दुसरा हात दिलेला नाही. त्या लॅकरच्या खाली एक वाद्यही आहे, हा त्याच्या दृष्टीने निव्वळ योगायोग होता.

जर्मनीत तीन माणसं जमली की फेराइन स्थापन होतो. आपल्याकडेही मंडळ स्थापन होतं, पण वर्षभरात फुटून त्याची दोन होतात. इथे ते फुटत नाही आणि म्हणून वेडेपणा साठत जातो. नवऱ्याच्या फेराइनमध्ये जुन्या स्टील गिटार जपणारी माणसं आहेत. बहुतेक सगळे निवृत्त. मी त्यांच्या एका संमेलनाला जाऊन आले. दिवसभर फिनिशबद्दल चर्चा झाली, केक झाला, कॉफी झाली. वाजवलं कुणीच नाही. मी भाबडेपणाने विचारलं, तेव्हा शेजारचे गृहस्थ दचकलेच. एखाद्या बाईने देव्हाऱ्यातल्या बाळकृष्णाला घेऊन क्रिकेट खेळायचं का, असं विचारावं, तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

या फेराइनचा पक्का सभासद व्हायचं तर गिटारची तपासणी होते. बॉनहून एक तज्ज्ञ येतात आणि फिनिश मूळचं आहे असं प्रमाणपत्र देतात. ते मिळावं म्हणून आमच्या घरात आणीबाणी लागू झाली. ऊन लागू नये म्हणून खिडक्यांचे रोलाडेन, म्हणजे बाहेरचे गुंडाळते पडदे, दिवसाही खाली. बैठकीत अत्तर, डिओ, उदबत्ती बंद. फोडणीचा धूर लॅकरवर बसतो, म्हणून माझ्या स्वयंपाकघरातली मोहरी तडतडायची थांबली. मी वरून कच्चं तेल घालून आमटी वाढायला लागले आणि नवरा ती मुकाट्याने खायला लागला, तेव्हाच मला कळलं की प्रकरण हाताबाहेर गेलंय.

अशात पुण्याहून माझे सासरे आले.

बाबा तरुणपणी ऑर्केस्ट्रात हवाईयन गिटार वाजवायचे. लग्नं, गणपती, बँकेची स्नेहसंमेलनं. पुढे कीबोर्डवाले आले आणि स्टीलचा रॉड घेऊन बसलेल्या माणसाला कुणी बोलवेना. त्यांच्या गिटारला माळ्यावर वाळवी लागली. मुलाने स्टील गिटार घेतली हे कळल्यावर, एरवी "तुमच्या त्या थंडीत कोण येतंय" म्हणणाऱ्या बाबांनी आपणहून व्हिसाचं बघायला सांगितलं. येताना दाढीच्या सामानात जुना रॉड घेऊन आले. त्यांच्या दोन्ही हातांना कंप सुटायला लागला होता, रॉड धरायच्या डाव्याला जरा जास्त. पुण्याच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या आणि कंप वाढत जाईल हेही सांगितलं होतं. रॉड हातात ठरतोय तोवर एकदा वाजवून घ्यायचं, एवढ्यासाठी ते आले होते. घरात हे सगळ्यांना ठाऊक होतं.

नवऱ्याने पहिल्याच दिवशी त्यांना गिटार दाखवली. स्वतः सुती हातमोजे घालून वरचं कापड काढलं.

"हात नका लावू हं बाबा. नुसतं बघा."

"आजोबा, निश्त अनफासेन!" आमची मुलगीही ओरडली. या घरात तिला सगळ्यात जास्त वेळा ऐकायला मिळालेलं जर्मन वाक्य होतं ते: हात लावायचा नाही.

बाबा सभ्य माणूस. त्यांनी दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि बघितलं. मग रोज समोरच्या सोफ्यावर बसून बघत राहिले. मांडीवर त्यांची उजवी बोटं आपोआप हलायची. ते पाहिलं की मला नवऱ्याचा असा संताप यायचा की त्याच्या त्या मधाळ लॅकरवर सरळ सँडपेपर फिरवावा.

"त्यांना वाजवू दे की रे," मी म्हणायचे.

"अगं, इन्स्पेक्शन होऊ दे ना, मग बघू."

या 'मग'ला काही अर्थ नव्हता. इन्स्पेक्शनच्या दुसऱ्याच दिवशी बाबांचं परतीचं विमान होतं.

मध्ये दसरा आला. मी ऑफिसात, नवरा ऑफिसात, मुलगी शाळेत. बाबांनी आंघोळ केली, गिटारवरचं कापड काढलं, फूल वाहिलं, अक्षता टाकल्या. स्वस्तिक या देशात कशावरही काढायचं नाही, हे मी त्यांना विमानतळावरून येतानाच बजावलं होतं. म्हणून त्यांनी हळद कालवली आणि गिटारच्या पुढच्या कडेवर पाच बोटं उठवली.

नवरा घरी आला तो किंचाळलाच.

"बाबा! हे काय केलंत?"

"दसरा आहे. वाद्याची पूजा नको करायला?"

"अहो, पण फिनिशवर हळद?"

"मग काय सतरंजीवर लावू?"

ओली हळद तडे गेलेल्या लॅकरमध्ये मुरली होती. वरची पुसली, पण पाच पिवळट डाग राहिले. घासावं तर फिनिश जाणार, न घासावं तर हळद राहणार. नवरा माझ्याकडे आला. एवढ्या वर्षांत माझ्या शिक्षणाचा उपयोग त्याला पहिल्यांदाच सुचला होता.

"तू रंगातली एक्स्पर्ट आहेस. काहीतरी सांग ना."

"उन्हात ठेव," मी म्हटलं. "हळदीचा डाग उन्हाने उडतो. कुठल्याही आईला विचार."

"ऊन? या फिनिशला?" तो खुर्चीतच बसला. उन्हाचं त्याला जमेना. तसंही ऑक्टोबरात स्टुटगार्टकडे ऊन कुठून आणणार होतो आम्ही!

शनिवारी मुलीला मैत्रिणीकडे पाठवलं आणि बॉनचे तज्ज्ञ आले. उंच, पाठीत जरा वाकलेले, घरात घालायच्या सपाता पिशवीतून स्वतःच्या आणलेल्या. त्यांनी गिटारला वाकून नमस्कार केला नाही, एवढंच. मग खोलीत पूर्ण अंधार करायला सांगितलं आणि जांभळ्या प्रकाशाचा दिवा काढला. त्या उजेडात जुनं लॅकर फिकट हिरवट दिसतं आणि नंतर मारलेलं काळपट, हे मलाही माहीत होतं. दिवा गिटारवरून हळूहळू फिरत गेला. सगळीकडे तोच सात्त्विक हिरवट रंग. मग पुढच्या कडेवर पाच ठिपके असे झगझगीत पेटले की तज्ज्ञांनी दिवा तिथेच रोखला.

मी मनात म्हटलं, झालं, बोंबललं.

"बोटं आहेत ही!" ते जर्मनमध्ये पुटपुटले. "गेनाऊ, अगदी बरोबर! लॅकर ओलं असताना कारखान्यातल्या कामगाराने इथे धरलंय. पन्नास वर्षांपूर्वीची बोटं! असं मी आजवर पाहिलेलं नाही."

नवऱ्याचा चेहरा अंधारात दिसत नव्हता, पण त्याने त्यांची चूक दुरुस्त केली नाही, यावरून काय ते समजलं. तज्ज्ञ भडाभडा बोलत होते. यावर लेख लिहावा लागेल. तारा सैल करून ठेवा. काचेची पेटी करून घ्या. यापुढे हिला कुणाचाही हात लागता कामा नये.

"काय म्हणतायत?" बाबांनी मला विचारलं.

मी सांगितलं. बाबा आधी खोखो हसले. म्हणाले, "कमाल आहे! म्हणजे मी अमेरिकेत नोकरीला होतो!" मग हसू थांबवून मुलाला म्हणाले, "मग आता वाजवायला मिळणार ना?"

"बाबा, आता तर... काचेत ठेवायची म्हणतायत. म्हणजे ती कायम अशीच राहील."

"ती राहील रे," बाबा म्हणाले. "ती चांगली राहील. माझा हात राहणार नाही."

आणि आपला उजवा हात त्यांनी पुढे करून दाखवला, नेमका दिव्याच्या झोतात. हात थरथरत होता. रोज हाताने वरणभात कालवणारा माणूस, त्यातून दसऱ्याची हळद. पाचही नखांच्या कडा तशाच झगझगीत पेटल्या होत्या. हवेत पाच पिवळे ठिपके थरथरत होते आणि खाली गिटारवर तेच पाच ठिपके निवांत होते.

तज्ज्ञांनी ठिपक्यांकडे पाहिलं, नखांकडे पाहिलं. मग नवऱ्याकडे वळून विचारलं, "हे काय आहे?"

नवरा माझ्याकडे बघत असावा. रंगातली एक्स्पर्ट काहीतरी शास्त्रीय थाप मारेल अशी त्याला आशा असणार. मारता आलीही असती.

"सांग," मी म्हटलं.

नवऱ्याने सुती हातमोजे काढले.

"कुर्कुमा," नवरा म्हणाला. "हळद आहे. माझ्या वडिलांनी लावलीये."

तज्ज्ञांनी दिवा विझवला, स्वतःच जाऊन रोलाडेन वर केला आणि प्रमाणपत्राचा कागद परत बॅगेत ठेवला. "शाडं," एवढंच म्हणाले. फार वाईट झालं, अशा सुरात. कुणाच्या घरी मयताला गेल्यावर बोलावं तसं. त्यांची परतीची ट्रेन जर्मन रेल्वेच्या शिरस्त्याप्रमाणे उशिरा होती, म्हणून मी चहा टाकला. आलं घालून टाकला आणि संध्याकाळच्या आमटीसाठी शेजारच्या शेगडीवर मोहरीही तडतडवली. धूर बैठकीत गेला.

बाबा रॉड घेऊन आले आणि गिटारसमोर बसले. त्यांनी पहिला सूर काढला तो शेपटी दारात सापडलेल्या मांजरासारखा होता. त्यांची गिटार सहा तारांची, ही दहांची. तिला पेडल्स नव्हती, हिला आहेत आणि बाबांच्या गुडघ्यांना ती दाबता येईनात. ते पुन्हापुन्हा प्रयत्न करत होते आणि ओशाळून आमच्याकडे बघत होते. मला ते बघवेना. इतक्या लांब येऊन, इतकं थांबून, हे.

"दुसरी तार मूळची नाही," तज्ज्ञ चहाचा कप धरून म्हणाले.

नवरा उठला आणि गिटारखाली शिरून जमिनीवर बसला.

"बाबा, तुम्ही वर बघा. पेडल मी हाताने दाबतो. सांगा फक्त."

"डावीकडचं दाब. सावकाश. सोड. आता मधलं. अरे, एवढ्या जोरात नको."

लहानपणी तो बाबांच्या रियाजाला कंटाळून खेळायला पळायचा, हे सासूबाई हयात असताना त्यांनी मला सांगितलं होतं. आता तो मान वाकडी करून त्यांचं ऐकत होता. रॉड तारेवर थरथरत होता, पण हवाईयन गिटारला थोडी थरथर लागतेच. सुरात ती वेगळी ओळखूच येत नव्हती. हळूहळू एक चाल उलगडायला लागली.

घाईत पेडल बदलताना नवऱ्याच्या घड्याळाचा स्टीलचा पट्टा गिटारच्या पुढच्या कडेवर करकरत गेला. चौघांनीही तो आवाज ऐकला. लॅकरवर वीतभर पांढरी रेघ उठली होती. तज्ज्ञांनी डोळे मिटून घेतले. बाबांचा हात तारेवर थांबला.

नवऱ्याने त्या रेघेकडे पाहिलं. मग घड्याळ काढून गालिच्यावर ठेवलं आणि खालून विचारलं, "बाबा, आता कुठलं दाबू?"