अमेरिकेला नेलेली संकष्टी

थोरल्या लेकीचं पहिलं बाळ पोटातच गेलं, तेव्हा ती अमेरिकेत आणि मी इकडे आमच्या गावी, राहनाळला. फोनवर नुसतं तिचं रडणं ऐकत बसले. तिला दुसऱ्यांदा दिवस गेले, तेव्हा मी बजावलं, बाळंतपणाला मी येणार म्हणजे येणार. आणि गणपतीला बोलले, ती सुखरूप सुटेपर्यंत दर संकष्टीला चंद्र दिसल्याशिवाय पाण्याखेरीज काही तोंडात घालणार नाही.

तिकीट आलं ते नेमकं संकष्टीचं. आमच्या यजमानांनी चष्मा लावून पहिली आणि शेवटची वेळ तेवढी वाचली.

"सकाली निंगाचा, सांचे पोचाचा. वज्रेश्वरीला जाऊन आल्यावानी हाय! चंद्राच्या आधी लेकीच्या दारान."

आपल्याकडे दिवस तेव्हा तिकडे रात्र, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. तिला फोन करायचा तो त्या हिशेबानेच. पण ते तिकिटातही धरायचं असतं, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही.

मी एकटीच निघाले. मध्ये एकदा विमान बदललं. दुसऱ्यात बसले आणि मनगटावरचं घड्याळ पाहिलं. राहनाळला चंद्र उगवूनही गेला असणार. खिडकीबाहेर मात्र लख्ख ऊन! समोरच्या पडद्यावर एवढंसं विमान निळ्या समुद्रावर खिळल्यासारखं, आणि उरलेलं अंतर हजारो किलोमीटर. यजमान शेजारी असते तर त्यांना वज्रेश्वरीच्या गरम पाण्याच्या कुंडात बुचकळून काढलं असतं.

शेजारी पुण्याचा एक तरुण होता. त्याने समजावलं, "काकू, आपण सूर्याच्या मागे मागे चाललोय. दिवस संपणार कसा? तुमच्या गावात चंद्र उगवला ना? मग घ्या जेवून."

हवाईसुंदरीने ताट पुढे धरलं. पोटात कावळे कोकलत होते. तरी ताट परत केलं.

"उपास पोरीसाठी हाय," मी म्हटलं, "मग चंद्र पन तिच्याच गावचा पायजे."

मी डोळे मिटून पाणी पीत राहिले. डोकं गरगरत होतं, रागही येत होता, पण मागे हटायचं नाही हे ठरलेलं होतं.

न्यूयॉर्कला उतरले तर बाहेर पोट सांभाळत थोरली उभी. पहिला प्रश्न, "आये, जेवलीस का?"

"आधी चंद्र दाखव."

जावयांनी गाड्या लावायच्या मोकळ्या जागेत नेलं. थोडं थांबावं लागलं. मग दिव्यांच्या खांबांपलीकडे तो वर आला. बाटलीतल्या पाण्याने डांबरावरच अर्घ्य दिलं, घरून आणलेल्या डब्यातला मोदक मोडला आणि पहिला घास तिला भरवला. घास तोंडात असतानाच ती हुंदके देऊ लागली.

"गेल्या टायमाला मी एकटीच रडली, आये."

"आता रड," मी म्हटलं. "आता मी हाय."