कव्हर काढून दाखवा

अन्याय नानांवर झाला. प्रवेशाच्या दुसऱ्या यादीच्या दिवशी, दुपारी साडेबारा वाजता, जळगावातल्या आमच्या कॉलेजात. तीन आठवड्यांपूर्वी नाना गेल्याचा फोन आला, तेव्हा मला आधी ती वेळच आठवली.

नाना तिथे लॅब अटेंडंट होते, मूळचे धुळ्याकडचे. मी पप्पांसोबत पहूरहून आले होते. मला बायोटेक्नॉलॉजीच हवं होतं. माहितीपत्रकात चकचकीत मशीनचे फोटो होते, आणि केळीची टिश्यू कल्चरची रोपं आमच्याकडे सगळेच लावतात, म्हणजे नोकरी दारातच, असं मला वाटायचं. पप्पांचं म्हणणं, "साधी बीएस्सी कर. वनस्पती, प्राणी, रसायन, थोडं थोडं सगळं शिक, मग ठरव." मी म्हटलं, "थोडं थोडं म्हणजे काहीच नाही." कपाट पुसता पुसता नाना ऐकत होते. त्यांनी आम्हाला आत नेलं आणि मोठ्या मशीनवरचं निळं कव्हर ओढलं. थर्माकोलसुद्धा निघालेलं नव्हतं. "दोन वर्षं झाली," ते म्हणाले. "पोरी, विषय वाईट नाही. पण बठ्ठं दखी ले, मंग सही कर." म्हणजे, आधी सगळं बघून घे.

दारात विभागप्रमुख उभे होते. "नाना, प्रवेश आता तुम्ही देता का?" एवढंच बोलले. त्याच दुपारी नानांना ग्रंथालयाच्या गोदामात धाडलं, ते निवृत्तीपर्यंत. आणि आम्ही दोघं... गप्प. पप्पा चपला शोधत राहिले, मी फॉर्मकडे बघत राहिले. आज मी 'प्रवेशाआधी लॅब बघा' अशी पत्रकं वाटत गावोगाव फिरते. त्या दिवशी तोंडातून शब्द फुटला नाही.

साधी बीएस्सी घेतली, आणि वर्षभर नानांवरच चिडून होते. पुढे मायक्रोस्कोपखाली बघायचा केळीच्या पानाचा पातळ छेद पहिल्यांदा नीट जमला, तेव्हा मात्र धावत गोदामात गेले. माफी मागायची होती, सांगितलं छेदाचं. ते हसले. "मंग? चालतो ना माझा जुना मायक्रोस्कोप?"

परवा पिंप्राळ्याला अक्कांना, नानांच्या बायकोला, भेटून आले. आपल्याकडे टीव्हीला कव्हर, मिक्सरला कव्हर, रिमोटलाही प्लास्टिक. नानांच्या घरात कशालाच नाही. "घालूच द्यायचे नाहीत," असं म्हणत अक्कांनी मिक्सरवरची धूळ पदराने पुसली.

यंदा तुमच्या घरात कोणी फॉर्म भरेल. साधी बीएस्सी घ्या, बायोटेक घ्या, ते तुमचं. पण आधी लॅबमध्ये जा आणि म्हणा, कव्हर काढा. आणि जो काढून दाखवेल, त्याला कोणी बोलू लागलं, तर आमच्यासारखे गप्प उभे राहू नका.